उपग्रहाला दिसणारा दुष्काळ



कामगार संघटनेच्या माणसाने उपग्रहावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले. परंतु ज्या कागदावर गरिबाची भाकरी ठरते तो कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, ही सवय संघटनेने लावली. दुष्काळाचा कागद हा तसलाच आहे.

पूर्वी दुष्काळ ठरे तो मुख्यतः आणेवारीवर. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली. तीत पाऊस, पेरणी, जमिनीतील ओल आणि पाणीसाठे यांच्या जोडीला उपग्रहाची साक्ष आली. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०२३ मध्ये ४० तालुके जाहीर झाले, त्यांत आपल्याच जिल्ह्यातील हातकणंगले आणि गडहिंग्लज होते. तेव्हा हा साक्षीदार पाहतो काय, हे समजून घेतले पाहिजे.

तो दोन गोष्टी पाहतो. पहिली हिरवेपणा. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की हिरवेपणाचा आकडा मिळतो. उघड्या माळाचा आकडा शून्याच्या जवळ, दाट पिकाचा एकाकडे झुकणारा.

दुसरी गोष्ट जमिनीची उष्णता. ही हवामानखाते सांगते ती हवेची उष्णता नव्हे. माती आणि पाने स्वतः किती तापली आहेत, ती. भर दुपारी जांभ्याच्या सड्यावर अनवाणी उभे राहावे आणि मग वेदगंगेकाठच्या उसात शिरावे, म्हणजे फरक पायांनाच कळतो. याचे कारण सावली एवढेच नाही. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने झाड गार राहते. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता खर्ची पडते, ती तेवढेच बर्फाइतके थंड पाणी उकळीला आणण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटींहून अधिक आहे. म्हणून जिथे झाड पाणी पिते, तिथे जमीन थंड असते.

आता मुद्द्याची गोष्ट. ओल संपू लागली की झाड प्रथम ती छिद्रे मिटून घेते. वाफ थांबते, पान तापते; पण रंग मात्र काही दिवस हिरवाच राहतो. म्हणजे हिरवेपणा उशिरा बोलतो, उष्णता आधी बोलते. सरकारी संहितेत हिरवेपणाचे आणि पानांतील ओलाव्याचे आकडे आहेत. त्याला उष्णतेची जोड देण्याची रीत फेलिक्स कोगन या अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने १९९० नंतरच्या दशकात रूढ केली. प्रत्येक आठवड्याची तुलना तो मागील अनेक वर्षांच्या त्याच आठवड्याशी करतो. हे शहाणपणाचे आहे. नाही तर भातकापणी झालेले उघडे, तापलेले खाचरही दुष्काळात मोजले जाईल.

परंतु साक्षीदार कितीही प्रामाणिक असला, तरी उलटतपासणी हवीच. पहिला प्रश्न : उष्णता नेहमी तहानच सांगते काय? नाही. थंड प्रदेशात ऊब वाढली की हिरवळ वाढते. आपल्या भुदरगडातही आषाढात, जमीन तुडुंब भिजलेली असताना, पिकाला पाण्याची नव्हे तर उन्हाची वाण असते. दुसरा प्रश्न : ढगांतून त्याला दिसते काय? जमिनीची उष्णता मोजणारा त्याचा डोळा ढगांपुढे आंधळा होतो, आणि खरिपाचे निर्णय तर पावसाळ्यातच करावयाचे असतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रोज फेरी घालणाऱ्या उपग्रहाचा उष्णतेचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटर लांबरुंद, म्हणजे जवळजवळ अडीचशे एकरांचा असतो. त्यात नदीकाठचा ओलिताचा ऊस आला आणि वरच्या माळावरची कोरडवाहू नाचणीही आली, तर सरासरी निघते. उसाच्या गारव्याखाली नाचणीवाल्याचा दुष्काळ झाकला जातो! पडीक रानातली घाणेरीही वरून हिरवीच दिसते, पण तिच्यावर जनावर जगत नाही.

आणि ज्याच्याकडे ना ऊस ना नाचणी, त्या शेतमजुराचे काय? पीक करपण्याआधी त्याची भांगलण बुडते. बुडालेला रोज कोणत्याही किरणांत उमटत नाही. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला शिकविले ते हेच, की दुष्काळ हा धान्याइतकाच कामाचाही असतो. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

म्हणून उपग्रह नको असे मी म्हणत नाही. कोणाच्या दबावाखाली न येणारा साक्षीदार गरिबाला हवाच असतो. पण संहितेतच प्रत्यक्ष गावात जाऊन पीकपाहणी करण्याची तरतूद आहे. त्या दिवशी पाहणी सडकेलगतच्या शेतावर संपू नये. वाडीवाडीने पावसाची, पेरणीची, विहिरीच्या पातळीची आणि मजुरीच्या दिवसांची नोंद आपणच तारीखवार ठेवावी, ग्रामसभेत वाचावी आणि पाहणीला आलेल्या माणसापुढे मांडावी. वरची साक्ष आणि खालची नोंद जुळली तर दावा पक्का होईल. न जुळली तर का जुळली नाही, हे विचारण्याचा हक्क आपल्याला राहील. तो हक्क आपण वापरावा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.