भुलाबाईची खिरापत

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या वऱ्हाडात घरोघरी भुलाबाई बसते. गेल्या वर्षी सुनेची नोकरी आणि माझे गुडघे. मी मांडलीच नाही. ४ वर्षांची नात रोज रिकाम्या कोनाड्याकडे पाही. पाचव्या दिवशी तिने डब्यात फुटाणे घातले, माझ्या कानाशी खुळखुळवले नि म्हणाली, "आजी, ओयख!" आदल्या वर्षीचे सारे तिच्या ध्यानात होते. मला मेलीला रडूच आले. त्याच सांजेला भुलाबाई-भुलोजी मांडले. गाणी मला अर्धीमुर्धीच आठवली. उरलेली शेजारणींनी पुरविली. खिरापत मात्र रोज तीच ठरवी. कोजागिरीला डबा काही केल्या वाजेना. सगळ्याजणी हरलो. उघडला तो आत केळ्याचे काप!