डेझी कोणती, जुमार कोणता? सुळक्यावर जाण्याआधीचा हिशोब

धुळ्याच्या एका श्रोत्याने विचारलंय, "भाऊ, हडबीची शेंडी करायची आहे. डेझी कोणती घेऊ आणि जुमार कोणता?"

जळगाव-भुसावळकडून मुंबईला जाताना मनमाडजवळ गाडीच्या खिडकीतून अंगठ्यासारखा सुळका दिसतो ना, तोच हा. आपल्या सह्याद्रीतला दगड बेसाल्ट. बऱ्याच ठिकाणी हाताला पकड नाही, भेगही नाही. मग बोल्टला किंवा मेखेला एट्रिअर अडकवायचं, त्यात पाय ठेवायचा आणि वर सरकायचं. इथे डेझी लागते.

कप्प्यांची साधी डेझी स्वस्त, पण तिची लांबी ठराविक. शिवाय एकाच कॅराबिनरमध्ये दोन कप्पे अडकवले आणि मधले टाके उसवले, तर कॅराबिनर सरळ बाहेर! ॲडजस्टेबल डेझीत लटकल्या लटकल्या पट्टा ओढला की शरीर बोल्टजवळ येतं. कामाची वस्तू आहे. पण नीट ऐका: बकलवाली पट्ट्याची डेझी फक्त अंगाचं वजन पेलायला असते. पडण्याचा झटका बसला तर पट्टा सरकतो. म्हणून स्टेशनवर स्वतःला बांधायचं ते मुख्य दोरानेच.

पेट्झलच्या कनेक्ट ॲडजस्टसारख्या प्रकारात पट्ट्याऐवजी डायनॅमिक दोर असतो, तो थोडा झटका पचवतो. तरीही ती ढिली ठेवून बोल्टच्या वर चढायचं नाही.

आता जुमार. हे नाव जुसी आणि मार्टी या दोन स्विस माणसांच्या आडनावांवरून पडलं, साधन आलं १९५८ मध्ये. आपण मात्र कुठल्याही कंपनीचं असलं तरी जुमारच म्हणतो! हँडलवाले घ्या, एक डाव्या हाताचा, एक उजव्या. किती मिलिमीटरचा दोर चालतो ते त्यावरच कोरलेलं असतं. बऱ्याच जुमारांना ८ ते १३ चालतो. त्याचे दात दोराच्या सालीत रुततात. साधारण ४ ते ६ किलोन्यूटनचा झटका बसला की साल फाटू शकते. म्हणून जुमारवर कधी पडायचं नाही, दोर ताणलेलाच ठेवायचा.

दोन्ही जुमार वेगवेगळ्या लॅनयार्डने हार्नेसला जोडा. दोराचं टोक हार्नेसला बांधलेलं हवंच, आणि दर थोड्या अंतरावर खालच्या दोराला आठाची गाठ मारून ती हार्नेसला लावत जा. दोर तिरपा जात असेल तर जुमारच्या वरच्या भोकातून कॅराबिनर घालून तो दोराभोवती अडकवा, म्हणजे जुमार निसटत नाही.

पैसे कमी असतील तर? एक जुमार आणि सोबत ६ मिलिमीटरच्या दोरीचा प्रुसिक. काम हळू होतं, पण होतं.

आणि मंडळी, पहिला प्रयोग सुळक्यावर नको. शेतातल्या निंबाच्या जाड फांदीला दोर बांधा, जमिनीपासून दोन फुटांवर लटका. वरच्या जुमारला हात पोहोचला पाहिजे आणि कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. तसं झालं की लांबी जमली. नाहीतर तिथेच दुरुस्त करा, वर शंभर फुटांवर नाही.

भेटूया पुढच्या भागात!