शर्यतीतला कामगार



विद्वानांच्या या व्यासपीठावर माझ्यासारख्या लवकर शाळा सुटलेल्या माणसाला बोलावले, याबद्दल चालकांचा मी आभारी आहे. माझे बहुतेक शिक्षण कारखान्याच्या गेटावर झाले. सायकल-शर्यतीचे शास्त्र ऐकावयास कोणी आले असेल, तर त्याची निराशा होईल. पण २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवरून आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यत गेली आणि तेव्हापासून आमच्या वस्तीतली पोरे मला विचारू लागली, "काका, यात पोट भरते काय?" प्रश्न पोटाचा आला की तो माझ्या कक्षेत येतो. म्हणून आज शर्यत बाजूला ठेवून शर्यतीतल्या नोकरीविषयी बोलतो. ही नोकरी मुख्यतः युरोपात आहे. तेव्हा आपल्यालाही तिकडेच जावे लागेल.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. टूर द फ्रान्स ही सर्वांत मोठी शर्यत. तीन आठवडे, २१ टप्पे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. प्रत्येक संघात ८ स्वार असतात. नाव होते एकाचे. उरलेले सात त्याच्यासाठी वारा अंगावर घेतात, कारण पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे पुष्कळ श्रम वाचतात. मागे मोटारीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या आणावयाच्या, म्होरक्याचे चाक फुटले तर आपले काढून द्यावयाचे, हे यांचे काम. अशा स्वाराला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'घरगडी'. विजेत्याला ५ लाख युरोंचे बक्षीस मिळते आणि ते सोबत्यांत वाटून टाकण्याचा रिवाज आहे. या धंद्यातली ही गोष्ट मला फार आवडते. परंतु रिवाजावर संसार चालत नाही. संसार चालतो पगारावर, आणि पगार टिकतो करारावर.

ही शर्यत १९०३ साली एका वर्तमानपत्राने आपला खप वाढविण्यासाठी काढली. पहिला विजेता मोरीस गारँ लहानपणी धुराडी साफ करीत असे. म्हणजे आरंभापासून श्रम गरिबाच्या पोराचे आणि हिशेब चालकाचा! १९२४ साली आँरी पेलिस्ये या नामवंत स्वाराने शर्यत अर्ध्यावर सोडली. कारण काय? पहाटे थंडीत जितके सदरे घालून निघालात, तितके घालूनच पोचले पाहिजे, असा नियम. ऊन चढले तरी वरचा सदरा टाकावयाचा नाही! त्याने व त्याच्या सोबत्यांनी आल्बेर लाँद्र या पत्रकारापुढे पिशव्या रिकाम्या केल्या. त्यांतून डोळ्यांत घालावयाचे कोकेन निघाले, हिरड्यांना चोळावयाचे क्लोरोफॉर्म निघाले. इतके श्रम शुद्धीवर राहून होत नव्हते, हाच त्याचा अर्थ.

आता आजची स्थिती. या धंद्याला तीन पायऱ्या आहेत. वरच्या दोन पायऱ्यांवर किमान वेतन ठरलेले आहे. २०२३ साली सर्वांत वरच्या पायरीवरील पगारी स्वाराचे किमान वेतन वर्षाला ४० हजार युरोंच्या वर होते. नवख्याचे त्याहून कमी. नवख्याला पहिला करार निदान दोन वर्षांचा द्यावा लागतो. एका हंगामात माणूस पडला, आजारी पडला, तर सावरावयास दुसरा हंगाम मिळावा, ही त्यातली माणुसकी.

परंतु तिसऱ्या पायरीवर आंतरराष्ट्रीय नियमाने किमान वेतनच नाही. संघ सायकल देतो, कपडे देतो, शर्यतीला नेतो. पगार देईलच असे नाही. आणि वर जाणाऱ्या बहुतेक तरुणांची वाट याच पायरीवरून जाते! औद्योगिक वसाहतीत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांस हे नवे वाटणार नाही. काम पक्क्या कामगाराचे, नाव शिकाऊ उमेदवाराचे, आणि "पुढे कायम करू" हे आश्वासन. आश्वासनावर वाणी उधार देत नाही.

त्यात अलीकडे वयाची घाई झाली आहे. एव्हेनेपूल २०१९ साली कुमार गटातून थेट वरच्या पायरीवर गेला. पोगाचारने २०२० साली आपल्या बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी टूर जिंकली. तेव्हापासून संघांची नजर सतरा-अठरा वर्षांच्या पोरांवर. तेविसाव्या वर्षी ज्याच्या अंगात खरी ताकद येते, त्याला उशीर झाला म्हणावयाचे काय?

आणि संघ तरी कशावर उभा? रस्त्यावरच्या प्रेक्षकाला तिकीट नसते. संघाची बहुतेक मिळकत पुरस्कर्त्या कंपनीची. तिने हात आखडला की चूल विझली. २०२२ च्या डिसेंबरात फ्रान्समधील बी अँड बी हॉटेल्स या संघाच्या चालकाने स्वारांना सांगितले, पैसा उभा राहत नाही, दुसरीकडे जागा पाहा. त्या संघात जाण्याच्या बेतात असलेला मार्क कॅव्हेंडिश जगप्रसिद्ध. त्याला जानेवारीत अस्तानाने घेतले. पण घरगड्याने वाहिलेल्या बाटल्या कोण मोजतो?

तेव्हा उपाय काय? तोच, जो सर्वत्र असतो. १९७८ साली एका दिवसात दोन-दोन टप्पे ठेवून स्वारांची झोप मोडली जात होती. व्हालांस-दाजाँ या गावी सारे स्वार सायकली हाती धरून पायी शेवटच्या रेषेपर्यंत आले. अग्रभागी होता २३ वर्षांचा बेर्नार ईनो, पहिलीच टूर खेळणारा, आणि ती जिंकणारा! म्हणजे संपात पुढे उभा राहिल्याने भवितव्य बुडतेच असे नाही.

पण संघटनेचेही सारेच बरोबर, असे मी म्हणणार नाही. १९९१ साली शिरस्त्राण सक्तीचे होऊ घातले, तेव्हा पॅरिस–नीस शर्यतीत स्वारांनी त्याविरुद्ध संप केला आणि नियम मागे पडला. २००३ साली त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह डोक्यावर शिरस्त्राण नसताना पडून दगावला. मग सक्ती झाली. एकजूट ही ताकद खरी, पण ती कशासाठी वापरावयाची, हे डोके ठिकाणावर ठेवून ठरवावे लागते.

१९९९ साली स्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली; संघचालकांशी वेतनाचे करार ती करते. स्त्री-स्वारांना मात्र वरच्या पायरीवर किमान वेतन मिळाले ते २०२० साली, १५ हजार युरो. त्यापूर्वी हौस म्हणूनच राबावयाचे!

आपल्याकडे सायकलपटूला आधार मिळतो तो रेल्वेच्या वा सैन्यदलाच्या नोकरीचा. तिला कोणी कमी लेखू नये. शर्यत संपल्यावरही तिथे हजेरीपट लागतो.

माझ्या वस्तीतल्या पोरांना मी "जाऊ नका" असे सांगत नाही. जा, बोरघाट चढा, आल्प्सही चढा. फक्त सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: पगार लेखी आहे काय? हाड मोडले तर घरी पैसे कोण पाठवील? आणि संघ बुडाला तर माझ्या बाजूने कोण बोलेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे करारात सापडतील. तिसऱ्याचे उत्तर तुम्हांलाच तयार करावे लागेल, शेजारच्या स्वाराशी बोलून. आणि हे बोलणे आधी तिसऱ्या पायरीवर सुरू झाले पाहिजे, कारण गरज तिथे सर्वांत मोठी आहे.