पिल्लाला पचेल तेच प्रथिन

पशुवैद्यक, खाद्य-व्यावसायिक आणि माझ्या कुक्कुटपालक बंधू-भगिनींनो,

शके 982चं शिवमंदिर जपणारं अंबरनाथ, लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडून निर्वासितांनी उभं केलेलं उल्हासनगर आणि उल्हास नदीकाठचं आपलं बदलापूर, या तिन्ही शहरांच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो.

उल्हासनगरचा कारागीर कापड बेतताना चिंधी कमीत कमी पडेल, हे पाहतो. वाढत्या पिल्लाचं खाद्य बेततानाही हाच हिशेब हवा. ब्रॉयलर पिल्लाला सुरुवातीला साधारण 22 ते 23 टक्के प्रथिन लागतं आणि वय वाढेल तशी ही गरज उतरते, हे आपल्याला पाठ आहे. पण पोत्यावरचा आकडा येतो तो खाद्यातल्या नायट्रोजनला 6.25ने गुणून. त्यातलं पिल्लाला पचणार किती, हे तो सांगत नाही. खाद्यातल्या सोयाबीनवर उष्णतेची प्रक्रिया कमी झाली, तर पचन अडवणारे घटक पेंडीत उरतात. जास्त झाली, तर लायसिन हे अमिनो आम्ल वाया जातं.

न पचलेलं प्रथिन आतड्यात कुजतं. पचूनही गरजेपेक्षा जास्त ठरलेल्या प्रथिनाचं यूरिक आम्ल होतं, ते विष्ठेतून लिटरमध्ये, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या थरात, उतरतं आणि तिथे त्याचा अमोनिया होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात भाताच्या तुसाचं लिटर वाळता वाळत नाही. शेडमध्ये पाऊल टाकताच डोळे चुरचुरतात. पिल्लं तर रात्रंदिवस त्याच हवेत असतात. आता कित्येक शेडच्या कुंपणाला इमारती भिडल्या आहेत. आपल्या खाद्यातली चूक शेजाऱ्याच्या घरात वास होऊन शिरते.

यावर मार्ग आहे. लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन या अमिनो आम्लांचा तोल सांभाळला, तर एकूण प्रथिन थोडं कमी ठेवूनही पिल्लू चांगलं वाढू शकतं. 1886 साली स्थापन झालेलं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. तिथलं ज्ञान आपल्या शेडपर्यंत यायला हवं.

तज्ज्ञांना माझी विनंती आहे, आम्हाला पचणाऱ्या प्रथिनाचा हिशेब आमच्या भाषेत समजावून सांगा. आणि कुक्कुटपालक मित्रांनो, पुढचं पोतं घेताना प्रथिन किती, एवढ्यावर थांबू नका. पचणारं लायसिन किती, हेही विचारा.