वाचा आहे तोवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या मंगल प्रसंगी मी शेवटच्या आजारपणाविषयी बोलणार, हे ऐकून काहीजणींनी मनातल्या मनात 'शिव शिव' म्हटले असेल. घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष 'तथास्तु' म्हणतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु मृगापूर्वी आपण आगोट भरतो. तांदूळ, मीठमसाला, लाकूडफाटा, सुके बोंबील घरात आणून ठेवतो. तेवढ्याने पाऊस कधी लवकर आला आहे का? बेगमी असली म्हणजे ऐन पावसात धावपळ होत नाही, एवढेच. आजचा विषय अशाच बेगमीचा आहे.

मालमत्तेचे मृत्युपत्र आपणां सर्वांना ठाऊक आहे. ते माणूस गेल्यावर उघडायचे. मी सांगते आहे तो कागद माणूस असतानाच उपयोगी पडणारा आहे. त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. 'लिव्हिंग विल' हा शब्दही कानावर आला असेल. आजार बरा होण्याची आशा संपली आणि आपल्याला बोलता येईना, समजेना, तर केवळ यंत्राच्या आधाराने श्वास चालू ठेवावा की नाही, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचे, असा त्याचा अर्थ.

आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मलेले विनोबाजी १९८२ साली पवनारला आजारी पडले. त्यांनी औषध व अन्नपाणी नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांना आपली इच्छा स्वतः सांगता आली. सर्वांना ते साधत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला. मेंदूला इजा झाली, आणि १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, त्या खाटेवर पडून होत्या. त्यांना या यातनांतून सोडवावे म्हणून लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. इतकी वर्षे मायेने सेवा करणाऱ्या रुग्णालयातील मंडळींनी त्याला विरोध केला. २०११ साली न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही; मात्र विशिष्ट परिस्थितीत उपचार थांबवण्याची वाट प्रथमच मोकळी केली. दोन्ही बाजूंना अरुणाताईंविषयी कळवळाच होता. नव्हता तो त्यांचा स्वतःचा शब्द.

हे मोठ्या शहरातच घडते असे नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंना खालापूर तालुक्यातील आमच्या घरी पक्षाघाताचा झटका आला. त्यांना मुंबईकडच्या मोठ्या रुग्णालयात नेले. तेवीस दिवस त्या यंत्रावर होत्या. डॉक्टरांनी आशा नसल्याचे स्पष्ट सांगितले. धाकटा म्हणाला, आता आईचे हाल पुरे. थोरला म्हणाला, माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही. भाजी निवडताना जाऊबाई मला अनेकदा म्हणत, "मला नळ्यांत गुंतवू नका गं." पण माझ्या सांगण्याला कागदाचा आधार नव्हता. खर्चापायी दहा गुंठे जमीन गेली, तिचे एवढे दुःख नाही. परंतु दोन वर्षे झाली, त्यांच्या श्राद्धाला दोघे भाऊ एका पंगतीला बसत नाहीत. दोघेही आईवर जीव टाकणारे!

ही पाळी येऊ नये म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली. त्या वेळी दंडाधिकाऱ्यांची सही लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी हा नियम सोपा करण्यात आला. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करावयाची. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. नंतर नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्यायचा. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे त्यात घालावीत. एकापेक्षा अधिक नावे चालतात. एक प्रत त्यांना द्यावी, एक घरच्या डॉक्टरांना आणि एक स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्यास. म्हणजे कर्जत, खोपोली, माथेरानकरांनी नगरपरिषदेत, खालापूरकरांनी नगरपंचायतीत, वाडीवस्तीवरच्या बायकांनी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. मन बदलले तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो वा बदलता येतो. अनेक कागद असल्यास शेवटचा खरा.

कागद कुलपात मात्र ठेवू नका. आपला रुग्ण रात्री-अपरात्री पनवेलला नाहीतर मुंबईला न्यावा लागतो, आणि कागद राहतो कर्जतच्या कपाटात. आधारकार्डाच्या व औषधांच्या फायलीतच त्याची प्रत असू द्या.

काहीजणींना भीती वाटेल की कागद दिसला की डॉक्टर हात वर करतील. तसे नाही. बरा होणारा आजार असेल तर या कागदाचा प्रश्नच येत नाही. उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञ यांचे मंडळ प्रथम पाहते. नंतर दुसरे मंडळ पाहते, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. आपण नेमलेल्या माणसांची संमती घेतात आणि दंडाधिकाऱ्यांना कळवतात. इंजेक्शन देऊन जीव घेण्यास कायद्याची परवानगी मुळीच नाही. दुखणे कमी करणे, तोंडात पाणी घालणे, अंग पुसणे, ही शुश्रूषा थांबायची नसते.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगते. हा कागद ज्याचा त्याने स्वखुशीने करावयाचा आहे. सुनेने सासूपुढे धरून सही घेण्याचा तो नव्हे, की औषधपाण्याचा खर्च वाचवण्याचा नव्हे. म्हातारपण हा काही असाध्य आजार नाही! ज्यांना शेवटपर्यंत सर्व उपचार हवेत, त्यांनीही तसे घरात उघडपणे सांगावे. तीही इच्छाच आहे, आणि तिचाही मान राखला पाहिजे.

जन्मभर घरातल्या प्रत्येकाला काय हवे, काय नको, ते आपण विचारीत आलो. आपल्याला काय हवे, हे सांगण्याची सवय आपल्याला नाही. निदान या एका बाबतीत ती लावून घ्यावी. तो निर्णय मुलांच्या माथी टाकून जाऊ नये. मंडळाला माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटीऐवजी कागद ठेवण्याची एकेक फाईल वाण म्हणून लुटावी, आणि त्याच दिवशी एखाद्या वकिलास व डॉक्टरास बोलावून शंका विचाराव्यात.