दर हेक्टरी तीन टन



एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या पावणेचार वर्षांत कंबोडियात सतरा ते वीस लाख माणसे मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्या आत होती. म्हणजे चारांतला एक गेला. मारून टाकलेल्यांची संख्या मोठी आहेच, पण भुकेने, तापाने आणि राबून राबून मेलेल्यांचीही तितकीच मोठी आहे. आज मी या भुकेविषयी बोलणार आहे. पाऊस न पडल्यामुळे आलेली ती भूक नव्हती. सरकारने कागदावर लिहिलेल्या एका आकड्यातून ती आली होती.

त्याआधीची थोडी हकीकत सांगायला हवी. व्हिएतनामचे युद्ध सीमा ओलांडून कंबोडियात शिरले. १९६९पासून ऑगस्ट १९७३पर्यंत अमेरिकेची विमाने तिथल्या खेड्यांवर बॉम्ब टाकत होती. १९७०मध्ये लोन नोल या सेनापतीने राजपुत्र सिहानुकांची सत्ता उलथली आणि यादवी पेटली. गावे ओस पडली, शेतकरी राजधानी नॉम पेन्हच्या आश्रयाला आले आणि संतापलेली खेड्यांतली पोरे ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांना मिळाली. बॉम्बफेकीने बंडखोरांचे बळ वाढले हे खरे. पण तिच्यामुळेच पुढचा संहार झाला, असे म्हणणे मला मान्य नाही. सत्ता आल्यावर काय करायचे, हे बंडखोरांचा नेता पोल पॉट आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतः ठरवले होते. त्यांतले कित्येक पॅरिसमध्ये शिकून आलेले होते.

१७ एप्रिल १९७५ला त्यांनी नॉम पेन्ह घेतले आणि त्याच दिवसापासून शहर रिकामे करायला सुरुवात केली. ‘अमेरिकेची विमाने येणार आहेत, दोन-तीन दिवसांपुरते बाहेर पडा,’ असे लोकांना सांगितले. सुमारे वीस लाख माणसे रस्त्यावर आली. इस्पितळातले रुग्णही त्यांत होते. नंतर चलन गेले, बाजार बंद झाले, शाळा आणि बौद्ध विहार बंद झाले. शहरातून हाकललेल्यांना ‘नवे लोक’ म्हणत. सगळे हुकूम ‘अंगकार’चे, म्हणजे संघटनेचे. ही संघटना म्हणजे कम्युनिस्ट पक्ष, हे जाहीर व्हायला सप्टेंबर १९७७ उजाडला.

आता तो आकडा. १९७६मध्ये राज्यकर्त्यांनी चार वर्षांची योजना आखली. दर हेक्टरी तीन टन भात पिकवायचे, निर्यात करायचे आणि त्या पैशातून यंत्रे आणायची. युद्धापूर्वी, बैल आणि अवजारे शाबूत असताना, हेक्टरी जेमतेम टनभर भात निघे. आता बैल मेलेले, आणि आवणीला उभी केलेली कित्येक माणसे आयुष्यात कधी चिखलात उतरलेली नव्हती. तीन टन निघणे शक्यच नव्हते. पण तसे वर कळवणे म्हणजे स्वतःचे मरण. म्हणून खालचे अधिकारी पीक फुगवून कळवत आणि त्या हिशेबाने वरचा वाटा नेला जाई. त्यातला काही तांदूळ चीनला गेला. मागे उरे ती पातळ पेज. सामुदायिक भोजनगृहात पळीने मोजून मिळणारी, तळाशी मोजकी शिते असलेली. स्वतःहून खेकडा पकडला किंवा रताळे उकरले तरी ती चोरी ठरे.

१९७६मध्ये समाजकल्याण मंत्री इएंग थिरिथ वायव्य भागात गेल्या. हा देशाचा तांदळाचा पट्टा. तिथे त्यांना आजारी, बेघर, उपासमारीने खंगलेली माणसे दिसली. त्यांनी सगळे डोळ्यांनी पाहिले, आणि निष्कर्ष काढला तो असा की आपल्यात शत्रूचे हस्तक घुसले असावेत! योजना चुकूच शकत नव्हती, तेव्हा घातपात कुणीतरी केलेला असणारच. हा सगळा संहार कसा चालला, हे मला या एका दौऱ्यातून सर्वांत स्पष्ट कळते.

तो घातपाती शोधण्याचे काम राजधानीत तुओल स्लेंग इथे चाले. पूर्वी ती शाळा होती. प्रमुख होता दुइक, एकेकाळचा गणिताचा शिक्षक. प्रत्येक कैद्याचा फोटो काढला जाई आणि छळ करून कबुलीजबाब लिहून घेतला जाई. त्यात साथीदारांची नावे द्यावी लागत. मग त्या नावांची धरपकड, त्यांचे जबाब, आणखी नावे. हजारो कैदी आत गेले, वाचले ते बोटांवर मोजण्याइतके. बहुतेक कैदी ख्मेर रूजचेच कार्यकर्ते आणि त्यांची बायकापोरे होती. चाम मुसलमान आणि व्हिएतनामी वंशाचे लोक मात्र कबुलीजबाबाविनाच मारले गेले. त्यांचा जन्म हाच त्यांच्यावरचा आरोप होता.

७ जानेवारी १९७९ला व्हिएतनामी फौजांनी नॉम पेन्ह घेतले. पुढे जे घडले, त्याचा मला आजही संताप येतो. शीतयुद्धाच्या हिशेबात व्हिएतनाम नको, म्हणून संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा पोल पॉटच्या राजवटीच्याच प्रतिनिधीकडे राहिली. अमेरिका आणि चीन दोघांचाही त्याला पाठिंबा होता. भारताने १९८०मध्ये व्हिएतनामने नॉम पेन्हमध्ये बसवलेल्या नव्या सरकारला मान्यता दिली, पण अशी मान्यता देणारे देश थोडे. थाई सीमेवर ख्मेर रूज पुन्हा पोसले गेले, यादवी लांबली, शेतांत सुरुंग पेरले गेले. पोल पॉट १९९८मध्ये मेला, या संहाराची शिक्षा न भोगता.

ख्मेर रूजच्या नेत्यांवरील खटल्यांसाठीचे खास न्यायालय २००६मध्ये कामाला लागले. सोळा वर्षांत शिक्षा झाली तिघांना. दुइक, पोल पॉटचा उपनेता नुऑन चिया आणि खिउ सम्फान. इएंग थिरिथ यांची स्मृती गेल्याने त्यांच्यावरचा खटला थांबला. सम्फान हे त्या राजवटीचे राष्ट्रप्रमुख, कंबोडियाच्या अर्थव्यवस्थेवर पॅरिसमध्ये प्रबंध लिहिलेले. काय चालले होते ते आपल्याला ठाऊक नव्हते, असा त्यांचा बचाव होता. व्यापार खात्यावर देखरेख त्यांची होती, त्यामुळे न्यायालयाने तो मानला नाही. २२ सप्टेंबर २०२२ला त्यांचे शेवटचे अपील फेटाळले गेले. तेव्हा ते ९१ वर्षांचे होते.

गावोगावचे जे अधिकारी पेज वाटत आणि माणसे बांधून नेत, त्यांतले बरेच आपापल्या गावी परतले. ज्यांची माणसे गेली त्यांच्याच शेजारी ते राहिले, शेती करत राहिले. शाळेच्या पुस्तकांत या काळाविषयी कित्येक वर्षे जवळजवळ काही नव्हते, आणि आईवडील भुकेच्या गोष्टी सांगत तेव्हा मुलांना त्या खऱ्या वाटत नसत. २००७मध्ये या राजवटीवर कंबोडियन लेखकाने लिहिलेले पाठ्यपुस्तक निघाले आणि पुढे ते माध्यमिक शाळांत पोचले. ते शिकवायला उभ्या राहिलेल्या शिक्षकांत स्वतः त्या शेतांवर राबलेले अनेक जण होते.