बिनगंजी पोलाद आणि मोटारसायकलचें इंजिन



जुनी मोटारसायकल पुन्हां नवी करण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांच्यापुढें इंजिन जोडतांना एक प्रश्न हटकून उभा राहतो. गंजलेले जुने बोल्ट टाकून सगळीकडे स्टेनलेसचे, म्हणजे बिनगंजी पोलादाचे, बोल्ट घालावे काय? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं कोव्हेंट्रीच्या ट्रायंफ कारखान्याचें ‘स्पीड ट्विन’ हें १९३७ सालचें दोन सिलिंडरांचें यंत्र घेऊं. त्याचा क्रँककेस ॲल्युमिनियमचा, सिलिंडरांचा ठोकळा बिडाचा आणि झांकणांचे स्क्रू साध्या पोलादाचे. विलायतेंतील पाऊस आणि हिंवाळ्यांत रस्त्यांवर टाकलेलें मीठ यांनीं ते गंजतात, व सोडवूं गेल्यास त्यांचीं डोकीं झिजतात. मग चकचकीत स्टेनलेसचा मोह पडला तर नवल नाहीं.

हें पोलाद गंजत कां नाहीं? १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यानें क्रोमियम घातलेलें असें पोलाद तयार केलें. क्रोमियमचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ पण घट्ट थर बसतो. ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो.

परंतु न गंजणें हा एक गुण, आणि बळ हा दुसरा. बाजारांतील नेहमीचा ए-२-७० जातीचा स्टेनलेस बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारें ४५० न्यूटन ताण पडतांच कायमचा लांबूं लागतो. ८.८ छापाचा साधा पोलादी बोल्ट सुमारें ६४० पर्यंत टिकाव धरतो. बोल्ट लांबला कीं त्याची पकड गेलीच म्हणून समजावें. स्पीड ट्विनचे कनेक्टिंग रॉड दोन तुकड्यांचे असून बोल्टांनीं जोडलेले असतात. तेथील एक बोल्ट तुटला, तर रॉड क्रँककेस फोडून बाहेर येऊं शकतो. इंजिन अडकलें तर मागील चाकहि अडकतें आणि स्वाराच्या जिवावर बेततें. अशा ठिकाणीं, तसेंच सिलिंडर हेडला, कारखान्यानें नेमून दिलेल्या प्रतीचेच बोल्ट घालावे.

झांकणांना मात्र स्टेनलेसचे स्क्रू खुशाल घालावे. पण कोरडे नव्हेत. ॲल्युमिनियम व स्टेनलेस यांच्यामध्यें खारट पाणी शिरलें कीं विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजतें, आणि पांढरी पूड आट्यांत दाटून स्क्रू अडकतो. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टावर कोरडा फिरविला, तर आटे एकमेकांत रुतून दोन्ही एकजीव होतात. यावर उपाय म्हणजे आट्यांना अडकप्रतिबंधक लेप लावणें. लेपानें घर्षण कमी होतें. म्हणून कोरड्या आट्यांसाठीं दिलेल्या जोरानें पाना ओढूं नये, नाहीं तर ॲल्युमिनियमचे आटे उपटतात.

सारांश, प्रत्येक बोल्ट हातीं घेतांना तो केवळ झांकण धरणारा आहे कीं इंजिनाचा जोर पेलणारा आहे, हें आधीं पाहावें. पहिल्याला चकाकी शोभते. दुसऱ्याला तेल आणि योग्य प्रतीचें पोलाद पुरे आहे.